खाजणातली थापट्या बदकं माना टाकतायत, कुणाला काही कल्पना?

तिवरकाठी | ९ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

उरण तालुक्यात, आमच्या गावाच्या खालच्या अंगाला खाडीला लागून एक जुनं खाजण आहे. पूर्वी तिथे भात व्हायचं. मग बांध फुटला, शेती सुटली, आता वर्षभर गुडघाभर पाणी आणि कडेने तिवरं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागे एकदा दुसऱ्या एका तळ्याचं नाव इथेच लिहिलं होतं, तर पुढच्या रविवारी तिथे गाड्या लावायला जागा नव्हती.

दिवाळीच्या आगेमागे इथे बदकं उतरतात. भुवई बदकं सगळ्यांच्या आधी, मग तलवार बदकं, मग थापट्या. थापट्या ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: नॉर्दर्न शॉव्हेलर. कुंभाराच्या थापटीसारखी पुढे पसरट चोच, ती पाण्यात टेकवून हा गडी गोल गोल फिरत राहतो. सायबेरिया-मध्य आशियाकडून एवढं अंतर कापून येतो आणि आल्या आल्या खाली मान घालून गाळ गाळायला लागतो.

आज सकाळी गेले तर अकरा थापट्या मेलेले आणि पाच जिवंत पण विचित्र. त्यातली एक मादी माझ्यापासून पाच-सहा हातांवर होती. तिला उडता येत नव्हतं, पाय ओढत नव्हते, पंख वल्ह्यासारखे मारत ती पुढे सरकत होती. डोळा मात्र टक्क उघडा, मी हलले की माझ्याकडे वळायचा. मान हळूहळू खाली यायची, चोच पाण्याला लागली की झटका देऊन वर, पुन्हा खाली. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. शेवटी मान वर आली नाही. बुडून मेली, माझ्या देखत. मी पाण्यात उतरले नाही, कारण डोक्यात एकच शब्द होता, बर्ड फ्लू.

कडेला चिलाप्या मरून पडल्या आहेत, भरपूर. वासाने उभं राहवत नाही. पाणी हिरवट आणि ढिम्म.

तलवार बदकं आणि भुवई बदकं त्याच पाण्यात आहेत आणि सध्या तरी धड दिसतायत. शेकाट्यांपैकी (लांब पायांचे पाणपक्षी) एक मेलेला दिसला.

हे काय असावं? कुणाला कळवायचं? एका कार्यालयात फोन केला तर "पक्षी आमच्याकडे येत नाहीत, फक्त कोंबड्या" म्हणाले. दुसरीकडे केला तर "आजारी असेल तर पहिल्या कार्यालयात सांगा".

---

चुलीवरचंमटण | ९ नोव्हेंबर, रात्री ९.५८

म्हणजे उद्याचं चिकन रद्द का? आधी तेवढं सांगा.

---

अक्कलखाते | ९ नोव्हेंबर, रात्री १०.१०

वरच्या प्रतिसादाकडे दुर्लक्ष करा. ताई, हात लावू नका, कुत्री तिकडे जाऊ देऊ नका. वन विभागाची हेल्पलाइन १९२६, पशुसंवर्धनची १९६२. दोन्हीकडे लावा, वेळ लिहून ठेवा, कुणाशी बोललात ते लिहून ठेवा. तोंडी तक्रार हवेत विरते.

---

निवृत्तपशुवैद्य | ९ नोव्हेंबर, रात्री ११.२५

तिवरकाठी, तुम्ही जे वर्णन केलंय ते इतकं नेमकं आहे की झोपायच्या आधी लिहितो.

फ्लू नाकारता येत नाही, तपासणीशिवाय कुणीच नाकारू नये. पण माझा पहिला संशय बोट्युलिझमवर आहे. का ते सांगतो. फ्लूने मेंदूला मार बसतो तेव्हा पक्षी थरथरतो, मान पिळवटते, गोल गोल गिरक्या घेतो, कधी डोळे दुधाळ होतात. तुमची मादी पिळवटलेली नव्हती, ती लुळी होती. शुद्धीवर, डोळा जागा, आणि स्नायू एकेक करून संपावर. पाय आधी, मग पंख, मग मान. मान उचलता न आल्यामुळे बुडून मरणं ही तर या विषाची ओळखच आहे. जवळून पाहिलं असतं तर डोळ्यावरची तिसरी पापणी अर्धवट ओढलेली दिसली असती.

हा संसर्ग नाही, विषबाधा आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू. त्याचे बीजाणू चिखलात वर्षानुवर्षं निपचित पडून असतात आणि कुणाला काही करत नाहीत. पाणी साचलं, तापलं, त्यातला प्राणवायू संपला आणि वर कुजायला मांस मिळालं की ते जागे होतात आणि विष तयार करतात. तुमच्या चिलाप्या म्हणजे त्यांची पंगत. मेलेल्या माशावर माश्या बसतात, अळ्या होतात. अळ्यांना हे विष बाधत नाही, पण त्यांच्या अंगात ते साठतं. बदकाने अशा दोन-चार अळ्या खाल्ल्या तरी खेळ खलास. मग ते बदक मरतं, त्याच्यावर अळ्या, त्या पुढचं बदक खातं. एक मढं दहा मढी करतं.

थापट्याच का, हे उघड आहे. त्याच्या चोचीच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात, शंभरावर, आणि तो पाण्याचा वरचा थर नि गाळ सतत गाळत असतो. पाण्यात जे तरंगतं ते आधी त्याच्या पोटात.

२०१९च्या नोव्हेंबरात राजस्थानात सांभर तलावावर अठरा हजारांहून जास्त पक्षी असेच मेले, त्यात थापट्या मोठ्या संख्येने होते. बरेलीच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने बोट्युलिझमचं निदान केलं. सुरुवातीचे काही दिवस तिथेही सगळे फ्लूच म्हणत होते. २०२४च्या शरदात तिथे पुन्हा काही शे पक्षी गेले.

उद्याची कामं. एक, मेलेले पक्षी आणि मासे उचलणं. मास्क, रबरी हातमोजे, गमबूट, वर रेनकोट. पिशवी उलटी करून हातावर घ्यायची, पक्षी धरायचा, पिशवी सुलटी करायची. जाळायचे किंवा खोल पुरायचे, चुना टाकून. फ्लूचा निकाल येईपर्यंत हे खात्याच्या माणसांसोबतच करा, एकट्याने नको. दोन, ताजं मेलेलं एक-दोन बदक बर्फावर ठेवून नमुन्यासाठी द्यायचं. सडलेलं देऊन उपयोग नाही, कारण सडलेल्या मढ्यात हे विष नंतरही तयार होतं, मग निदान बोंबलतं. तीन, पाणी हलवा. कसं ते तुमच्या गावातल्या जुन्या माणसाला विचारा.

---

चुलीवरचंमटण | १० नोव्हेंबर, सकाळी ७.०२

डॉक्टर, मस्करी केली, माफ करा. रात्री वाचून नंतर झोप लागली नाही.

---

अंड्याचाहिशेब | १० नोव्हेंबर, सकाळी ८.१५

माझा पोल्ट्रीचा धंदा आहे, साडेचार हजार पक्षी. या धाग्याचं शीर्षक व्हॉट्सॅपवर फिरायला लागलं की परवापासून माझ्या गाडीला गिऱ्हाईक नाही, हे लिहून देतो. २००६च्या फेब्रुवारीत नवापूरला फ्लू निघाला तेव्हा मी नंदुरबारला नव्हतो, इकडे रायगडात होतो, तरी अंडी उकिरड्यावर टाकली. २०२१ला परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, पुन्हा तेच.

आणि हे पाहुणे पक्षी फ्लू आणतात ते तुम्ही पक्षीवाले कधी कबूल करत नाही. कोंबडी मेली की आमच्या शेडला सील, बदक मेलं की "अरेरे".

---

बिनशेपटीचा | १० नोव्हेंबर, सकाळी ९.३०

काका, राग समजतो, पण अर्धी गोष्ट झाली. आज जगभर फिरतोय तो एच५एन१ मुळात पोल्ट्रीतून निघालेला आहे. १९९६ला चीनच्या ग्वांगदोंगमध्ये पाळीव हंसांत सापडला, १९९७ला हाँगकाँगच्या कोंबडी बाजारात माणसं दगावली. जंगली पक्ष्यांत मोठा फटका बसला तो २००५ला, चीनमधल्या छिंगहाई सरोवरावर, हजारो राजहंस (बार-हेडेड गूज) गेले. म्हणजे शेडमधून तो बाहेर गेला आणि मग बाहेरून पुन्हा शेडमध्ये येऊ लागला. आता दोन्ही दिशांनी रहदारी आहे.

आपल्याकडे २०२०च्या डिसेंबरअखेर हिमाचलच्या पोंग धरणावर जे मेले तेही बहुतेक राजहंसच, पाच हजारांच्या आसपास. तो आजार घेऊन ते हिमालय ओलांडून आले म्हणायचं, की इथे येऊन घेतला?

---

अंड्याचाहिशेब | १० नोव्हेंबर, सकाळी ९.४१

तेच विचारतोय. उत्तर द्या.

---

निवृत्तपशुवैद्य | १० नोव्हेंबर, दुपारी १.१०

दोघांचंही खरं आहे, म्हणून भांडण मिटत नाही.

डुबी न मारता नुसतं बूड वर करून खाणारी बदकं, म्हणजे तलवार, थापट्या, भुवई, यांच्यातली पुष्कळशी हा विषाणू पोटात बाळगून मजेत पोहतात. शेण टाकतात, ते पाण्यात, पाणी दुसरा पितो. अमेरिकेत २०२२च्या जानेवारीत साउथ कॅरोलायनाच्या किनारी भागात शिकाऱ्याने मारलेल्या एका विजन बदकात हा विषाणू मिळाला. बदक दिसायला ठणठणीत होतं. उलट राजहंस आणि काही डुबकीमार बदकं पटकन मरतात. त्यामुळे "मेलं ते फ्लूनं" आणि "जगलं ते निरोगी" ही दोन्ही वाक्यं चुकीची.

पाण्याचाही भाग आहे. थंड, गोड्या पाण्यात हा विषाणू आठवडेच्या आठवडे टिकतो, तापलेल्या खाऱ्या पाण्यात लवकर मरतो. म्हणून पोंग आणि उरण एका मापाने मोजू नका. बोट्युलिझमचं बरोबर उलटं, त्याला ऊबच लागते. ऑक्टोबर हीटनंतर साचलेलं खाजण ही त्याची हक्काची जागा.

आणि हिशेबकाका, शेडला बारीक जाळी, पाण्याची टाकी झाकलेली, शेडची चप्पल वेगळी आणि खाजणातलं पाणी शेडला अजिबात नाही, एवढं करा. केरळात कुट्टनाडला पाळीव बदकं भात कापलेल्या शेतात मोकळी चरतात, तिथेच रानबदकंही उतरतात. २०१४पासून तिथे पुन्हा पुन्हा फ्लू निघतोय. सरमिसळ झाली की कोण कुणाला देतं हे विचारण्यात अर्थ उरत नाही.

---

कोकणकडा | १० नोव्हेंबर, दुपारी ३.२०

थोडं अवांतर. पाहुण्या पक्ष्यांवर आळ घ्यायची आपली परंपरा जुनी आहे. १९५७ला कर्नाटकात शिमोग्याकडे माकडताप निघाला, क्यासनूरच्या जंगलात. विषाणू रशियाकडच्या एका विषाणूच्या नात्यातला निघाला. झालं, सायबेरियाहून येणाऱ्या पक्ष्यांनी गोचिड्यांतून आणला असणार, असा संशय. त्याच्या तपासासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा आला आणि मुंबईच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) सालीम अलींच्या देखरेखीखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत वाळे घालायला सुरुवात केली. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही, पण कोणता पक्षी कुठून येतो हे त्या निमित्ताने कळलं. आरोपीची जन्मकुंडली मिळाली म्हणायची.

माकडताप मात्र इथल्याच गोचिड्यांचा, आणि आता आमच्या दोडामार्गात येऊन बसलाय.

---

तिवरकाठी | १० नोव्हेंबर, रात्री ८.५०

आजचा वृत्तान्त. १९२६वर लागला, दुपारी दोन वनरक्षक आले, सोबत तालुक्याचे पशुवैद्यक. सकाळपर्यंत मेलेल्यांचा आकडा एकोणीस झाला होता. सतरा थापट्या, एक शेकाट्या, एक चक्रांग. दोन ताजी बदकं बर्फात घालून नेली. बाकी खड्डा खणून पुरली. मासे दोन घमेली भरून काढले तरी कडेचे निम्मेही झाले नाहीत. एका माशाला फावडं लावलं तर खालून अळ्यांचा अख्खा थर सरकला, शिजलेल्या भातासारखा. तेव्हा डॉक्टरांचं "पंगत" आठवलं.

जिवंत तीन उचलली, ती डॉक्टरांनीच हातमोज्यांनी. वजन काहीच नाही हो. मी उगाच समजत होते एवढ्या लांबून येणारा पक्षी हाताला भक्कम लागत असेल. टोपलीत घालून सावलीत ठेवलीत, बारीक नळीने गोडं पाणी पाजतायत.

---

टेलीलेन्स | १० नोव्हेंबर, रात्री ९.२२

लोकेशन व्यनि (खाजगी निरोप) कराल का? डॉक्युमेंटेशनसाठी हवं आहे. ड्रोनही आणू शकतो.

---

तिवरकाठी | १० नोव्हेंबर, रात्री ९.२५

नाही.

---

पानथळी | १० नोव्हेंबर, रात्री १०.०५

तिवरकाठींना अनुमोदन. टेलीलेन्स, हे तुमच्या एकट्यासाठी नाही, पण ड्रोनचा विषय निघालाच आहे तर बोलते.

मी ठाणे खाडीवर, ऐरोली-भांडुपच्या बाजूला, बरीच वर्षं जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेला जाते. लोकांना वाटतं थव्याचं उड्डाण म्हणजे आनंदसोहळा. इथे पोचेपर्यंत बदकाने अंगावरची चरबी जाळलेली असते. मार्चपर्यंत त्याला ती पुन्हा भरायची असते, परतीच्या प्रवासाची शिदोरी. दिवसा ते खाडीत झोपतं, रात्री भाताच्या कापलेल्या शेतांत जाऊन दाणे टिपतं. तुम्ही फोटोसाठी सकाळी तीनदा थवा उठवलात की त्याची झोपही गेली आणि रात्रीच्या दाण्यातला हिस्साही गेला. भुकेलं बदक मग नको तिथे चोच घालतं. आजारपण इथून सुरू होतं, पण त्याचा फोटो निघत नाही.

दुसरं, गोडं पाणी. खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या बदकाच्या डोळ्यांवर मिठाची ग्रंथी असते, जादा मीठ नाकपुडीवाटे थेंबाथेंबाने बाहेर टाकते. पण ती काही जादू नव्हे, तिला जोर लागतो. म्हणून बदकं रोज जवळच्या गोड्या तळ्यावर जाऊन पाणी पितात, पिसं धुतात. आपण खाडी वाचवायला मोर्चे काढतो, पण गावतळी आणि डबकी बुजवली त्याची बातमीही होत नाही. ठाणे खाडीला २०२२ला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, आनंद आहे. बदकाला मात्र नुसत्या खाडीवर भागत नाही.

---

नाखवा_दर्यावरचा | ११ नोव्हेंबर, पहाटे ५.३५

डाक्टर म्हणाले जुन्या माणसाला विचारा. मी जुना माणूस.

ताई, तुमच्या खाजणाची उघाडी बघितली का? बांधात जी लाकडी झडप असते ती. भरती आली की पाण्याच्या जोराने आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. पावसाचं पाणी जायला ती केलेली. बांध फुटून खाजण झालं की मग त्या फुटीतून भरतीचं पाणी आत-बाहेर करतं, बोय, कोळंबी, निवट्या सगळं त्यावर. तुम्ही म्हणता पाणी ढिम्म आहे. खाडीच्या कडेचं पाणी ढिम्म नसतं. दिवसातून दोनदा त्याला जावं-यावं लागतं. ढिम्म आहे म्हणजे कुणीतरी तोंड दाबलंय.

चिलापी मरते म्हणजे कमालच म्हणायची. चिलापी गटारात जगते. ती जर मेली तर पाण्यात काही राहिलेलंच नाही.

---

तिवरकाठी | ११ नोव्हेंबर, सकाळी ११.१५

नाखवा, तुमच्या पायाशी नमस्कार.

आता बघून आले. फुटीच्या तोंडाशी मातीचा भराव आहे, डंपरच्या चाकोऱ्या ताज्या. पलीकडे जोडरस्त्याचं काम चालू आहे, त्यांनी गाड्या न्यायला तात्पुरता टाकला म्हणे. उघाडी शोधली तर तीही गाळात रुतून मिटलेली. गावात विचारलं तर कळलं भराव गणपतीनंतर पडला. म्हणजे पाऊस थांबल्यापासून आतलं पाणी आतच शिजतंय. मी दर रविवारी दुर्बीण घेऊन तिथे उभी असते आणि बदकं मोजते, पण बांधाकडे एकदाही वळून पाहिलं नाही. लाज वाटली.

---

अक्कलखाते | ११ नोव्हेंबर, सकाळी ११.४०

भरावाचे फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे. तहसीलदार, खारभूमी आणि कांदळवन कक्ष, तिघांना एकच पत्र, पोच घेऊन. तिवरं पाण्यावाचून मरत असतील तर तेही लिहा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ला कांदळवनाच्या नाशाला बंदी घातलेली आहे, त्याचा उल्लेख करा. "पक्षी मेले"पेक्षा "भरतीचा प्रवाह अडवला" हे वाक्य सरकारी टेबलावर जास्त चालतं.

---

चेसापीककर | ११ नोव्हेंबर, सायंकाळी ६.५०

इथे मेरीलँडला सकाळ आहे. वीस वर्षं इकडे राहतोय, घरापासून चेसापीक उपसागर गाडीने अर्ध्या तासावर.

इथला मानाचा पाहुणा कॅनव्हासबॅक बदक. हा पूर्वी खाडीतल्या एका पाणवनस्पतीच्या कंदांवर जगायचा, इतका की त्याच्या शास्त्रीय नावातच त्या वनस्पतीचं नाव आहे. शेतांतली खतं नि शहरांचं सांडपाणी येऊन पाणी गढूळ झालं, १९७२च्या अ‍ॅग्नेस वादळाने उरलंसुरलं गवत गाळाखाली गेलं. बदकांनी मग शिंपल्या खायला सुरुवात केली. पोट भरतं, पण जुन्या खाण्याची सर नाही, आणि येणारी संख्या खूपच उतरली. त्याला कुठला आजार झाला म्हणायचा? कागदावर कुठलाच नाही.

दुसरी गोष्ट शिशाची. बदकं दाणे दळायला बारीक खडे गिळतात. कलेजी-पेटा घेतो ना आपण, त्यातला पेटा म्हणजे त्यांचं जातं. खड्याबरोबर शिकाऱ्यांचे शिशाचे छर्रे जायचे, जात्यात दळले जायचे आणि विष रक्तात. असं बदक खात राहतं तरी झुरतं, छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर येतं. त्याला खाणारे गरुडही मरायचे. इथे पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं १९९१ला देशभर बंद झालं. युरोपियन युनियनने पाणथळींवर २०२३च्या फेब्रुवारीत केलं. स्पेनच्या एब्रो नदीच्या मुखाशी तर तलवार बदकांत हे प्रमाण भयंकर होतं. छर्रा चिखलात वर्षानुवर्षं पडून राहतो, बंदूक बंद झाली तरी.

---

माजघर | ११ नोव्हेंबर, रात्री ९.१५

छर्ऱ्यावरून आठवलं म्हणून लिहिते, एरवी मी नुसती वाचक.

माझे आजोबा रोह्याकडचे. बहात्तरचा वन्यजीव संरक्षण कायदा यायच्या आधीची गोष्ट. कुंडलिकेच्या खाडीवर थंडीत बार काढायला जायचे, येताना चार-पाच बदकं. आजी रस्सा करायची. जेवताना कुणाच्या तरी दाताखाली छर्रा यायचाच, तो ताटाच्या कडेला ठेवायचा, आणि ज्याला जास्त मिळतील तो जिंकला, असा पोरांचा खेळ. आईने सांगितलेलं. आज चेसापीककरांचं वाचून पोटात गोळा आला.

त्यातल्या एका बदकाच्या पायात पातळ पत्र्याचं कडं होतं. त्यावर इंग्रजी अक्षरं. आजोबांनी ते काढून पानाच्या डब्यात टाकलं आणि नंतर आजीने त्यात किल्ली अडकवली. ती किल्ली अजून आमच्याकडे आहे. "इन्फॉर्म बॉम्बे नॅट. हिस्ट. सोसायटी" असं लिहिलंय.

---

कोकणकडा | ११ नोव्हेंबर, रात्री ९.२०

काय सांगता!! मी वर लिहिलं तेच वाळं असणार हे! नंबर दिसतोय का?

---

बिनशेपटीचा | ११ नोव्हेंबर, रात्री ९.३१

माजघर, नंबर कळवाच. साठ वर्षांनीसुद्धा नोंद घेतात. कुठे घातलं, कुठे मिळालं, दोन टोकं जुळतात.

---

अंड्याचाहिशेब | १२ नोव्हेंबर, सकाळी ७.४५

भरावाचं वाचलं. माझ्याकडे जेसीबीवाल्याचा नंबर आहे, ओळखीचा आहे, डिझेलवर येईल. परवानगी तेवढी कागदावर घ्या, नाहीतर उद्या मलाच आत टाकतील. फ्लूचा निकाल येऊ द्या, मग मी स्वतः येतो. तोवर तिकडची धूळही शेडला लागू देणार नाही, राग मानू नका.

---

निवृत्तपशुवैद्य | १२ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

राग कसला. हीच खरी काळजी.

---

तिवरकाठी | १७ नोव्हेंबर, रात्री ८.१०

उशिरा लिहितेय, धावपळ होती.

फ्लूचा निकाल नकारार्थी आला. (हिशेबकाका, शीर्षकाखाली हे मोठ्या अक्षरात टाकायला मी संपादकांना कळवलंय.) बोट्युलिझमचं पक्कं उत्तर मात्र मिळालं नाही, त्यासाठी लागणारं रक्त पुरेसं निघालं नाही. पशुवैद्यकांनी लक्षणांवरून तोच शेरा लिहिलाय. एकूण मेलेली बदकं एकतीस. मढी आणि मासे रोज उचलायला लागल्यावर चौथ्या दिवसापासून आकडा शून्यावर आहे.

टोपलीतल्या तीनपैकी एक त्याच रात्री गेलं. दोन जगली. तिसऱ्या दिवशी एकाने मान धरली, नर आहे, हिरव्या डोक्याचा. काल त्याने डॉक्टरांच्या अंगठ्याला चोच मारली, तेव्हा ते म्हणाले आता सोडायला हरकत नाही.

भरावाच्या परवानगीला पाच दिवस, तीन कार्यालयं आणि एक पुढाऱ्याचा फोन लागला. उद्या काढणार.

---

नाखवा_दर्यावरचा | १७ नोव्हेंबर, रात्री ८.४०

ओहोटी लागली की काढा, भरतीत नको, जेसीबी रुतेल. तोंड एकदम मोठं करू नका. परवा अवस आहे, उधाणाचं पाणी स्वतःच पाहिजे तेवढं करून घेईल.

---

पानथळी | १८ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

आणि ती दोन बदकं लगेच तिथेच सोडू नका. पाणी चार-पाच भरत्या खाऊ दे.

---

तिवरकाठी | २१ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

अठराला भराव काढला. हिशेबकाका जेसीबीबरोबर आले होते, रबरी बूट घालून, शेवटपर्यंत बांधावर उभे. पहिलं पाणी बाहेर पडलं ते चहाच्या चोथ्यासारखं काळं आणि वास असा की जेसीबीवाल्याने तोंडाला गमछा बांधला. काल अवसेची भरती आत आली. आज सकाळी पाण्यावर ओघ दिसतोय आणि फुटीशी बोयांची पिल्लं आहेत.

मोजणी: तलवार १४०, भुवई ६०च्या आसपास, चक्रांग २२, थापट्या ९. हळदीकुंकू बदकांची जोडी, पण ती इथलीच, पाहुणी नव्हे. बरी झालेली दोन गोड्या तळ्यावर सोडली. मादी लगेच गवतात शिरली. नर पाण्यात उतरला, चोच टेकवली आणि गोल फिरायला लागला.

---

चुलीवरचंमटण | २१ नोव्हेंबर, दुपारी १२.४४

नरासाठी टाळ्या.

---

माजघर | २३ नोव्हेंबर, रात्री १०.०५

किल्ली आईकडून आणली. नंबर किल्लीने घासून गेलाय. भिंगाखाली धरून शेवटचे तीन आकडे लागतात, ४१७. त्याच्या आधी बहुधा ६ किंवा ८. आजोबांनी बदक कोणतं होतं ते कधी सांगितलं नाही. आईला फक्त आठवतंय की शेपूट लांब आणि टोकदार होतं, ते पीस तिने पुस्तकात ठेवलं होतं.

उद्या सोसायटीला फोटो पाठवते.

---

कोकणकडा | २३ नोव्हेंबर, रात्री १०.११

लांब टोकदार शेपूट म्हणजे तलवार, नर. कड्याचा आतला व्यासही मोजून लिहा, त्यावरून वाळ्याचा आकार कळतो.